ठरवायचे कोणी? खेड्यातल्या दिव्यांग व्यक्तीचे स्वतंत्र जगणे, सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे अर्थसाहाय्य दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये झाले. त्याआधी जून महिन्यात अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे बच्चू कडू यांनी केलेल्या उपोषणात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या जोडीने दिव्यांगांना दरमहा सहा हजार रुपये द्यावेत अशी मागणी होती. तेव्हापासून विदर्भात पारावर किंवा चहाच्या टपरीवर दिव्यांगांचा विषय निघाला की तो रकमेपाशी सुरू होतो आणि रकमेपाशीच संपतो. वाढ योग्यच होती आणि उशिराच झाली. पण ज्याच्या खात्यात हे पैसे जमा होतात त्याने आंघोळ कधी करायची, आठवडी बाजाराला जायचे की नाही, मत कोणाला द्यायचे आणि त्या पैशांचे करायचे काय, हे तो स्वतः ठरवू शकतो का, हा प्रश्न रकमेइतकाच मोठा असूनही त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वऱ्हाडात अशा माणसाला विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, “कोणी नेलं तं जातो, नाई तं बसून रायतो.” हा लेख त्या उत्तराविषयी आहे.

स्वतंत्र जगणे म्हणजे काय

‘दिव्यांग व्यक्तीचे स्वतंत्र जगणे’ असे म्हटले की बहुतेकांना वाटते, ती व्यक्ती कोणाच्याही मदतीशिवाय सगळे स्वतः करू लागली म्हणजे स्वतंत्र झाली. तसे असते तर गावात एकही स्वतंत्र माणूस सापडला नसता. दहा एकरांचा शेतकरी नांगरटीला भाड्याने ट्रॅक्टर आणतो, निंदणाला बाया लावतो, कापूस वेचायला मजूर बोलावतो आणि गाडी भरून जिनिंगला पाठवतो ती दुसऱ्याच्या मेटॅडोरमधून. तरीही त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही, कारण यंदा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावायची की सोयाबीन, मजुराला कधी बोलवायचे आणि माल कोणत्या दिवशी विकायचा हे तोच ठरवतो. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीतही मोजमाप हेच आहे. अंघोळीला दोन माणसे लागत असतील तरी हरकत नाही; ती माणसे कोण असावीत आणि अंघोळ केव्हा व्हावी हे तिने ठरवले तर ती स्वतंत्र आहे.

हा विचार चळवळ म्हणून उभा राहिला तो अमेरिकेत. एड रॉबर्ट्स नावाच्या तरुणाला पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ काहीच हालचाल करता येत नव्हती आणि श्वासासाठी यंत्र लागत होते. तशा अवस्थेत तो १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात शिकायला गेला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९७२ मध्ये तेथे जे केंद्र सुरू केले, त्याचे वेगळेपण असे की ते दिव्यांग व्यक्ती स्वतःच चालवत होत्या आणि मदतनीस शोधण्यापासून राहण्याजोगे घर मिळवण्यापर्यंतची कामे एकमेकांसाठी करत होत्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात समाजात राहून स्वतंत्रपणे जगण्याचा हक्क कलम १९ म्हणून आला. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ झाला.

कायद्यात काय आहे आणि गावापर्यंत काय पोहोचले

१९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. बहुतेक योजनांसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्याचे प्रमाणपत्र लागते. सरकारी कागदांत त्याला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतात. नोकरीतले चार टक्के आरक्षण आणि उच्च शिक्षणातले पाच टक्के आरक्षण बहुतेकांना ठाऊक असते. कलम ५ मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिने अमुकच ठिकाणी किंवा अमुकच व्यवस्थेत राहावे अशी सक्ती होऊ नये, आणि घरी येऊन मिळणाऱ्या सेवा व वैयक्तिक मदतनीस यांची सोय तिच्यापर्यंत पोहोचावी यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे हे कलम सांगते.

कलम २४ सामाजिक सुरक्षेचे आहे. शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेनुसार योजना कराव्यात आणि दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच प्रकारच्या इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी, असे त्यात म्हटले आहे. आता हिशेब पाहा. संजय गांधी योजनेत निराधारांना आणि दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पूर्वी सारखेच १५०० रुपये मिळत होते, म्हणजे कायदा लागू होऊन आठ वर्षे उलटली तरी हा फरक दिसत नव्हता. ऑक्टोबर २०२५ ची वाढ उशिराची होती असे वर म्हटले ते यासाठी. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना सतत आणि जास्त आधाराची गरज असते त्यांच्यासाठी मदतनीस भत्ता द्यावा, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. कलम ३८ नुसार अशी व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरे कोणी अर्ज करू शकते, आणि मूल्यांकन मंडळ तिला कोणत्या आधाराची गरज आहे ते तपासते. ज्या आईने वीस वर्षे मुलाला उचलून न्हाणीत नेले आहे तिला हे कलम कोणी सांगितलेले असते, असा अनुभव विदर्भाच्या खेड्यांत दुर्मीळच आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्या आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची काळजी घेणाऱ्यांना ‘आश्वासकिरणम’ योजनेतून दरमहा ६०० रुपये दिले जातात. रक्कम क्षुल्लक आहे, पण काळजी घेणे हे काम आहे एवढे तरी त्या राज्याने कागदावर मान्य केले.

“घरचे सांभाळतातच ना, मग वेगळे काय हवे?”

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो मनापासून असतो. घरचे सांभाळतात हे खरेच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ‘घरचे’ म्हणजे प्रत्यक्षात कोण, हे पाहिले की चित्र बदलते. बहुतेक घरांत ती एकच बाई असते, आई किंवा बायको. मळणी यंत्रात हात गेलेला असो, मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करताना झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला असो, की लहानपणीच्या पोलिओने पाय गेलेला असो, सांभाळणारी ती एकटी असते, आणि हंगामात तिला निंदणालाही जावे लागते. मग माणूस तिच्या वेळापत्रकाप्रमाणे जगतो. लघवीला जायचे असेल तर ती येईपर्यंत थांबतो. थांबावे लागू नये म्हणून पाणी कमी पितो. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना कमी पाणी प्यायल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि दवाखान्याचे बिल वाढते. कणा मोडलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कोणी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या चिघळल्या तर जिवावर बेततात. यात घरच्यांच्या मायेची कमतरता कोठेच नाही, कमतरता हातांची आहे.

दुसरी बाजू पैशाची. अनुदान थेट बँक खात्यात येते, पण पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाजवळ असते? बँक तालुक्याला, चढायला पायऱ्या, म्हणून भाऊ जातो. भाऊ जातो म्हणून रक्कम भावाच्या हातात येते, आणि काही महिन्यांनी ती घरखर्चात कधी मिसळली हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्यावर साधा उपाय आहे. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधार व बोटाच्या ठशावर पैसे काढून देऊ शकतो. सत्तरीपुढचे ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहक यांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच सांगितले आहे. अंध व्यक्तीला चेकबुक किंवा एटीएम कार्ड नाकारता येत नाही, तेही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे. अंगठा आपला आणि नोटाही आपल्या हातात, एवढा बदल झाला तरी घरातले बोलणे बदलते.

उतार किती हवा

आता एक गोष्ट जरा जवळून पाहू, कारण चांगला हेतू कोठे वाया जातो ते तिच्यातून कळते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, म्हणजे रॅम्प, बांधताना एकास बारा हे प्रमाण धरतात. जोते एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब हवा. विदर्भातल्या ग्रामपंचायतीचे किंवा शाळेचे जोते सहसा दीड-दोन फूट असते, कारण पावसाळ्यात पाणी आत येऊ नये. म्हणजे अठरा ते चोवीस फुटांचा उतार हवा, मध्ये टेकायला सपाट जागा हवी आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. प्रत्यक्षात काय दिसते? पायऱ्यांच्या कडेला पाच-सहा फुटांची सिमेंटची घसरगुंडी, वरती ‘दिव्यांगांसाठी’ अशी निळी अक्षरे, आणि पावसाळ्यानंतर तिच्यावर शेवाळ. तिच्यावरून खुर्ची वर ढकलायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि खाली उतरताना ती माणसाला पालथे पाडते. खर्च झाला, देयक निघाले, अहवालात नोंदही झाली. पण ज्याच्यासाठी हे बांधले तो ग्रामसभेच्या दिवशी बाहेरच्या लिंबाखाली बसून आतला आवाज ऐकतो. बांधण्याआधी गावातल्या एका खुर्चीवाल्याला बोलावून विचारले असते तर तेवढ्याच सिमेंटमध्ये थोडी भर घालून काम झाले असते.

घरातही तेच. संडासाचे दार अडीच फुटांचे आणि आत उघडणारे असेल तर खुर्ची आत शिरतच नाही. दार तीन फुटांचे करणे, ते बाहेर उघडणारे करणे, भिंतीला एक लोखंडी दांडी बसवणे आणि बैठकीवर कमोडची खुर्ची ठेवणे, ही गावच्या गवंड्याला आणि वेल्डिंगवाल्याला जमणारी कामे आहेत. घरकुल मंजूर होतानाच हे सांगितले तर फार वेगळा खर्च येत नाही. घर बांधून झाल्यावर भिंत फोडावी लागते.

रस्त्याविषयी काय बोलावे! काळ्या मातीत जूनच्या पहिल्या पावसानंतर धडधाकट माणसाच्या चपला रुततात, तेथे तीनचाकीचे काय होणार? केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून, कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीने बनवलेल्या तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रे शिबिरांतून वाटली जातात, आणि ती गरजेची असतात. पण वाटप झाल्यावर पंक्चर कोण काढणार, साखळी तुटली तर तसा भाग कोठे मिळणार, याची सोय तालुक्यालाही नसते, म्हणून गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली, सीटवर कोंबड्या बसलेली तीनचाकी अनेक गावांत दिसते. साधन दिले तर दुरुस्तीचीही व्यवस्था द्यायला हवी, हे पंपसेटच्या बाबतीत ज्यांना नीट कळते त्यांना येथेही कळायला हरकत नाही.

ग्रामपंचायतीचे पाच टक्के

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्व-उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा नियम आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. स्व-उत्पन्न म्हणजे वरून येणारा निधी सोडून घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार, दुकानगाळे यांतून गावाने स्वतः मिळवलेला पैसा. माझ्या मते या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे, कारण या पैशाचा निर्णय मुंबईत किंवा दिल्लीत होत नाही, गावात होतो.

समजा, एका ग्रामपंचायतीचे स्व-उत्पन्न चार लाख रुपये आहे. पाच टक्के म्हणजे २० हजार. गावात वीस दिव्यांग व्यक्ती असतील तर पुष्कळ ठिकाणी मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या तोंडावर प्रत्येकी हजार रुपये वाटले जातात, सह्या-अंगठे घेतले जातात आणि विषय संपतो. मिळालेला हजार कोणाला नको असेल असे नाही. पण हेच २० हजार वीस जणांनी एकत्र बसून कशावर लावायचे ते ठरवले तर पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचा उतार नीट होतो, दुसऱ्या वर्षी हातपंपाभोवतीचा ओटा खुर्ची जाईल असा होतो, तिसऱ्या वर्षी तीनचाकींच्या दुरुस्तीसाठी गावच्या सायकलवाल्याशी वर्षाचा ठराव होतो. वाटून घ्यायचे की एकत्र लावायचे, हा निर्णयही त्यांचाच असायला हवा. सरपंचांनी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्यांच्या वतीने तो परस्पर घेणे म्हणजे पुन्हा तीच जुनी गोष्ट. लहान गावांत स्व-उत्पन्न फारच थोडे असते, घरपट्टीची वसुलीही रखडलेली असते, हे खरे आहे. अशा ठिकाणी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या पाच टक्क्यांकडे वळावे लागते, कारण त्यांनाही हाच नियम लागू आहे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) आठवावे. सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या जंगलाचा आणि बांबूचा कारभार ग्रामसभेने हाती घेतला तो याच विदर्भात. गावाने ठरवले तर गाव काय करू शकते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

“दोन-चार माणसांसाठी एवढा खटाटोप?”

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून थोड्या अधिक. या सरासरीने दोन हजार वस्तीच्या गावात पन्नासच्या आसपास माणसे येतात. देशभरातल्या दिव्यांगांपैकी जवळजवळ ६९ टक्के लोक खेड्यांत राहतात. शिवाय ती मोजणी आठच प्रकारांत झाली होती. आजच्या एकवीस प्रकारांत मोजले तर आकडा खाली जाण्याचे कारण नाही. गावात दोन-चारच दिसतात, कारण बाकीचे घराबाहेर पडू शकत नाहीत. आणि उतार झाला की तो फक्त खुर्चीवाला वापरत नाही. गुडघे धरलेली म्हातारी, दिवस भरत आलेली बाई आणि युरियाची गोणी ढकलगाडीवर नेणारा, सगळेच तेथून जातात.

न दिसणारे दिव्यांगत्व

आधार म्हणजे केवळ उतार आणि कुबड्या नव्हेत. विदर्भाला, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पूर्वेकडच्या जिल्ह्यांना, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आला. या माणसाला इतर दिवशी पाहिले तर तो अगदी धडधाकट वाटतो, म्हणून कामावर न आल्यास ‘कामचुकार’ म्हणून शिक्का बसतो. त्याला हवे ते असे: दुखण्याच्या दिवसांत रोजी बुडाली तरी काम जाऊ नये, शाळेत वर्गाबाहेर पाणी प्यायला जायची मोकळीक असावी, भर उन्हातले काम सकाळी लवकर करता यावे. कायद्यात अशा बदलाला ‘वाजवी सोय’ म्हणतात. समोरच्यावर अवाजवी भार न पडता केलेला असा बदल नाकारणे हा भेदभाव ठरतो.

कर्णबधिर व्यक्तीची अडचण आणखी वेगळी. घरातल्यांनी बनवलेल्या खाणाखुणांवर घरातले भागते, पण तहसीलमध्ये किंवा दवाखान्यात ती मुकी होते. अंध व्यक्तीसाठी साध्या अँड्रॉइड फोनमधले टॉकबॅक पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवते. गावातल्या एखाद्या मुलाने तासभर बसून ते सुरू करून दिले आणि दोन-तीन वेळा सराव करून घेतला, तर बँकेचा संदेश कोणाला वाचायला लावायची गरज उरत नाही.

प्रवासाचेही सांगायला हवे. ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर एसटीच्या साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांपुढे सोबत्यालाही ५० टक्के सवलत मिळते. सोबत्याची ही सवलत पुष्कळांना माहीत नसते. मतदानाच्या वेळी ४० टक्क्यांपुढील व्यक्तीला अर्ज करून घरून मत देता येते. ज्याला केंद्रावर रांगेत उभे राहून बोटाला शाई लावून घ्यायची आहे, त्याला घरून मत देण्यास भाग पाडता येत नाही.

“ज्याला समजतच नाही, त्याने काय ठरवायचे?”

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्यांविषयी हा प्रश्न येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. कायद्याने येथे मधला मार्ग काढला आहे. ‘समजत नाही’ असे एकदाच ठरवून सगळे निर्णय दुसऱ्याच्या हाती देण्याऐवजी कलम १४ मध्ये ‘मर्यादित पालकत्व’ आले आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून पालकाने तिच्यासोबत निर्णय घ्यायचा. जमिनीचा व्यवहार तिला कळत नसेल, पण आज कोणता सदरा घालायचा, कोणाबरोबर जत्रेला जायचे आणि कोणाच्या घरी राहायचे नाही, हे तिला बहुतेक वेळा नेमके कळत असते.

कलम १३ मधले एक वाक्य तर प्रत्येक गावच्या चावडीवर लावावे असे आहे. मदत करणारी व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांचे हितसंबंध पैशाच्या किंवा मालमत्तेच्या व्यवहारात एकमेकांविरुद्ध जात असतील, तर त्या व्यवहारात मदत करणाऱ्याने बाजूला व्हावे, असे ते सांगते. वाटणीच्या वेळी ज्या भावाच्या नावे सातबारा होणार आहे, त्यानेच दिव्यांग भावाचा अंगठा धरून हक्कसोडपत्रावर उमटवणे कायद्याला मान्य नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, आणि पालकत्वाचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे जातात. या समितीत एक दिव्यांग व्यक्तीही सदस्य असते.

“मग संस्थेत का ठेवू नये?”

विदर्भात हा प्रश्न आदराने विचारला जातो, कारण आपल्याकडे थोर संस्था आहेत. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले ते गावांनी हाकललेल्या कुष्ठरुग्णांसाठी. तेथे त्यांच्या हाताला काम आणि त्या कामाला मान मिळाला, अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, वाढवले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर अशा मुलांनी जायचे कोठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षे सरकारपुढे मांडत आले आहेत.

ज्याला कोणीच नाही त्याला अशा घराची गरज आहेच. पण या दोन्ही ठिकाणांची सुरुवात पाहिली तर लक्षात येते की माणसे तेथे आली, कारण गावात त्यांना जागा नव्हती. घर आहे, आई आहे, दोन एकर आहे, आणि तरीही केवळ संडासाचे दार अरुंद आणि मदतीला माणूस नाही म्हणून एखाद्याला दूरच्या वसतिगृहात जावे लागत असेल, तर त्या वेळी तो तेथे आपल्या मर्जीने गेला असे म्हणता येत नाही. कलम ५ नेमके याच प्रसंगासाठी आहे.

आधी कागद, आणि खोट्या कागदांचा त्रास

वरचे बहुतेक सगळे मिळण्यासाठी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, लागते. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही यूडीआयडीच्याच संकेतस्थळावरून दिले जाते. अर्ज सेतू केंद्रातून किंवा मोबाइलवरून होतो, पण तपासणीला रुग्णालयात जावेच लागते, आणि तेथे खरी अडचण येते. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. धारणीच्या माणसाला मेळघाटातून परतवाडामार्गे अमरावती गाठावी लागते. तेथे तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी नसले तर पुन्हा यायचे, सोबत्याची रोजीही पुन्हा बुडणार. तालुक्याला होणारी शिबिरे म्हणूनच मोलाची ठरतात. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांना शिबिराची तारीख आधी कळते, त्यांच्याकडे नाव देऊन ठेवावे. संजय गांधी योजनेसाठी याशिवाय तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे.

खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या आल्या की फेरतपासणीचे आदेश निघतात. खोटा लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आहे, आणि ती व्हायलाच हवी. मात्र पाय नसलेल्या माणसाला पाय नाही हे पुन्हा पुन्हा सिद्ध करायला जिल्ह्याला बोलावणे म्हणजे चोराला सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

पाच जण पुरतात

एकट्याने ग्रामसभेत बोलणे अवघड असते. गटाने सोपे जाते. उमेद अभियानात एरवी बचत गटाला दहा महिला लागतात, पण दिव्यांगांचा गट पाच जणांचाही होऊ शकतो आणि त्यात बाया-माणसे एकत्र असू शकतात. असा गट महिन्यातून एकदा बसला की कोणाचे ओळखपत्र अडले, कोणाची खुर्ची मोडली आणि कोणाला घरात कोंडून ठेवले आहे, हे सरकारी सर्वेक्षणाआधी कळते. बर्कलीच्या केंद्राने जे केले त्याची खेड्याला झेपणारी सुरुवात ही आहे.

गटाने पहिले काम म्हणून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा: गेल्या तीन वर्षांचे स्व-उत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती, ते कोणत्या तारखेला कशावर खर्च झाले. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभांपैकी जी जवळ असेल तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्याची मागणी त्याच अर्जात करावी. उत्तर आले नाही तर गटविकास अधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेत दाद मागावी, आणि तेथेही काही झाले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. वकिलाची गरज पडली तर तालुका विधी सेवा समिती तो मोफत देते. दिव्यांग व्यक्तीसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.